लेक म्हणते, 'नर्सिंग सोडून फार्मसी करू का?'

'एवढं शिकवलं, आता कुठे पगार हातात यायला लागला, आणि ही म्हणते पुन्हा कॉलेजला जाते.' बारावीचे निकाल लागले, फार्मसीच्या प्रवेशाच्या जाहिराती झळकायला लागल्या, की हे वाक्य कुणा ना कुणा आईबाबांच्या तोंडून मला ऐकायला मिळतं. मी मूळची फार्मसीची. डी.फार्म.च्या मुलामुलींना शिकवते, आणि नर्सिंगच्या मुलींना औषधशास्त्र शिकवायलाही बरीच वर्षं जाते आहे. म्हणून तुम्ही माझ्याकडे येता आणि विचारता, 'मॅडम, तिला समजावा.' काय समजवायचं, हे तुम्ही आधीच ठरवून आलेले असता. आज मला तिला नाही, तुम्हालाच काही सांगायचंय.

फार्मसीचं नंतर बोलू. आधी मला सांगा, गेल्या सहा महिन्यांत तिच्या ड्युटीवर काय चाललंय, ते तुम्हाला माहीत आहे का? पगार किती, नाईट कधी, ऑफ कधी, एवढं बहुतेकांना माहीत असतं. नाईट संपवून आल्यावर तिनं दुपारी पाहुण्यांसमोर चहा घेऊन यावं अशीही अपेक्षा असते. पण कॅज्युअल्टीत नातेवाईक अंगावर धावून आले, एकाच रात्री दोन मृत्यू पाहिले, स्वतःच्या वॉर्डासोबत दुसराही सांभाळावा लागला, हे ती घरी सांगत नाही. सांगितलं तर आई रात्रभर झोपणार नाही आणि बाबा म्हणतील, 'सोड ती नोकरी.' म्हणून ती गप्प राहते. आणि एक दिवस जेवताना म्हणते, 'मी फार्मसी करू का?'

माझ्या अनुभवात असं विचारणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलींना फार्मसीविषयी जेमतेम माहिती असते. मेडिकलच्या काउंटरमागे कुणीतरी स्वच्छ कपड्यांत उभं असतं आणि रात्री घरी जातं, एवढंच त्यांनी पाहिलेलं असतं. फार्मसीचं नाव काढून त्या तुम्हाला आपल्या वॉर्डाची गोष्ट सांगत असतात. ती गोष्ट आधी ऐका. सल्ला न देता, 'आम्ही काय कमी कष्ट काढले' असं न म्हणता. एका बैठकीत ती सगळं सांगणार नाही. पण तुम्ही ऐकताय हे तिला कळलं, तर पुढच्या ऑफला थोडं आणखी सांगेल.

तिची दमणूक लाडाची नाही. सरकारी निकष असे आहेत, की अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स असावी आणि साध्या वॉर्डात सहा रुग्णांमागे एक. आपल्या गावातल्या किंवा तालुक्याच्या दवाखान्यात रात्री वॉर्डात डोकावून पाहा, मग मला वेगळं सांगावं लागणार नाही. पगाराचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने म्हटलं होतं, की २०० हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांत नर्सचा पगार सरकारी नर्सइतका असावा, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही महिन्याला २० हजारांच्या खाली नसावा. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. तुमच्या लेकीचा पगार त्या आकड्याशी लावून बघा. ती तक्रार करते तेव्हा त्यामागे काय आहे, ते कळेल.

ऐकल्यावर बरेचदा असं निघतं, की तिला नर्सिंग नको नाही, हे हॉस्पिटल नको आहे. किंवा हा वॉर्ड. तसं असेल तर दोन वर्षं आणि फी खर्च करून फार्मसीत जाणं म्हणजे पाय दुखतो म्हणून घर बदलण्यासारखं आहे. नर्सिंगमध्येच दिवसाच्या, वेगळ्या डोक्याच्या जागा आहेत. डायलिसिस, ओपीडी, संसर्ग नियंत्रण, लसीकरण, नर्सिंग स्कूलमध्ये शिकवणं. जी.एन.एम. झालेल्या मुलीला दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. बी.एस्सी. झालेलीला अतिदक्षतेतली नर्स प्रॅक्टिशनर होण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकारी या पदासाठी बी.एस्सी. नर्सिंग चालतं, आणि तिथे तपासणी, औषधं, समुपदेशन सगळं तिच्याच हाती असतं. जिची औषधांच्या कंपन्यांकडे नजर आहे, तिने औषधसुरक्षा आणि क्लिनिकल रिसर्चच्या जाहिराती वाचाव्यात. पुण्या-मुंबईतल्या अशा कितीतरी जाहिरातींत नर्सिंगची पदवीही चालते. फार्मसीची पदवी तिथे लागतेच असं नाही.

पण काही मुली वेगळ्या असतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून बोलायचंय, कारण त्या वर्गात लगेच ओळखू येतात.

मी शिकवते, फेनिटॉइन सलाईनमधूनच द्यायचं, डेक्स्ट्रोजमधून नाही. बाकीच्या मुली लिहून घेतात. ही विचारते, 'डेक्स्ट्रोजमध्ये काय होतं?' मी सांगते, औषधाचा साका बसतो. ती विचारते, 'का बसतो?' मग फळ्यावर आम्लता, क्षारता काढावी लागते. सेफ्ट्रिअॅक्सोन रिंगर लॅक्टेटबरोबर का चालत नाही, हे तिला पाठ करायचं नसतं. त्यातल्या कॅल्शियमचं काय होतं ते समजून घ्यायचं असतं. इन्सुलिनचा तास झाला की ती थांबून विचारते, '४० युनिटची बाटली आणि १०० युनिटची सिरिंज असं आपल्याकडे एकत्र विकतात तरी कसं?' प्रश्न खरा आहे. उलटं झालं, म्हणजे १०० च्या ताकदीचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरलं, तर अडीचपट डोस जातो आणि रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. वॉर्डात ही मुलगी औषधांच्या ट्रॉलीपाशी रेंगाळते, एक्सपायरी तपासते, दोन सारख्या दिसणाऱ्या अॅम्प्युल वेगळ्या खणांत ठेवते. तिच्या सिनियर तिला 'फार्मसीवाली' म्हणतात.

ही मुलगी 'फार्मसी करू का' म्हणते तेव्हा ती कशालाही कंटाळलेली नसते. औषध हीच तिची वाट आहे आणि ती तिला उशिरा सापडली आहे. तिला अडवू नका. रुग्णाजवळ उभं राहून औषध दिलेली मुलगी काउंटरमागे आली, तर गावाला चांगला फार्मासिस्ट मिळतो, हे मी पाहिलंय. इनहेलर हातात देताना ती 'सकाळ-संध्याकाळ दोन पफ' एवढं म्हणून थांबत नाही, ओढून दाखवायला लावते. डिजॉक्सिनची चिठ्ठी आली की नाडीबद्दल विचारते, कारण वॉर्डात नाडी साठच्या खाली गेली की तो डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं असतं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाचं समुपदेशन हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलंय. लिहिलेलं ते काम करण्याची सवय आपल्या काउंटरवर कमी दिसते. तिच्याकडे ती सवय आधीपासून असते.

आता व्यवहाराचं. इथे मी थोडी कठोर बोलेन, कारण गोड बोलून तुमचे पैसे आणि तिची वर्षं बुडवायची नाहीत.

पहिली गोष्ट, कायद्याने नर्सिंगची वर्षं फार्मसीत धरली जात नाहीत. जी.एन.एम. असो की बी.एस्सी., 'शरीररचना शिकलेय, औषधशास्त्र शिकलेय, मला थेट दुसऱ्या वर्षाला घ्या' असं होत नाही. पहिल्या वर्षापासूनच सुरुवात. डी.फार्म.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो आणि बी.फार्म.साठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते, नर्सिंगचे गुण दोन्हीकडे विचारात येत नाहीत.

दुसरी गोष्ट ऐकून कितीतरी घरं गप्प होतात. जी.एन.एम.ला कला शाखेतून बारावी झालेली मुलगीही जाऊ शकते. फार्मसीला ते चालत नाही. डी.फार्म.साठी बारावी विज्ञानच हवी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित घेऊन. म्हणजे आर्ट्स करून नर्स झालेल्या, पाच वर्षं आयसीयूत काढलेल्या मुलीला आधी बारावी विज्ञान करावी लागेल. मला हे न्याय्य वाटत नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला इनोट्रोप चालवणाऱ्या मुलीला काही विषयांची जोड-परीक्षा घेऊन प्रवेश देता आला असता. पण आज नियम तसा नाही. म्हणून कॉलेजांत चौकशीला जाण्याआधी तिची बारावीची गुणपत्रिका काढून बघा. बारावीनंतर थेट बी.एस्सी. नर्सिंग केलेल्या मुलीला ही अडचण नाही, तिला तिथेही विज्ञान शाखाच लागली होती.

डी.फार्म. म्हणजे दोन वर्षं, त्यानंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, ते निदान तीन महिन्यांचं. मग आता बाहेर पडण्याची वेगळी परीक्षा आहे, तीन पेपरांची. ती पास झाल्यावर राज्य फार्मसी परिषदेत नोंदणी. डी.फार्म.नंतर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे आणखी तीन वर्षं. पहिल्या वर्षी तिला औषधी वनस्पतींचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काढावे लागतील, रसायनशास्त्राचे टायट्रेशन करावे लागतील. वॉर्डात सगळ्यांना सूचना देणारी मुलगी अठरा वर्षांच्या मुलांशेजारी बाकावर बसणार आहे. ते तिला जड जाईल, आणि त्या दिवसांत घरातून कुणी 'बघ, सांगितलं होतं' म्हणू नये.

डी.फार्म.ला हजेरीची अट ७५ टक्क्यांची आहे, तासांची वेगळी आणि प्रॅक्टिकलची वेगळी. 'कॉलेजला यायची गरज नाही, नोकरी करत करा, परीक्षेला या' असं सांगणारी कॉलेजं तुम्हाला भेटतील. तिथून परत फिरा. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या फार्मसी कॉलेजांवरची बंदी बेकायदा ठरवल्यावर नवी कॉलेजं भराभर निघाली आहेत. त्यात चांगलीही आहेत. फार्मसी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्या कॉलेजच्या अभ्यासक्रमाला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. कॉलेजच्या माणसाचं ऐकून घेऊ नका. आणि मग एका साध्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, न सांगता जा. प्रयोगशाळेत मुलं आहेत का बघा. बाटल्यांवर धूळ असेल तर आणखी काही विचारायची गरज उरत नाही.

पैशाचा हिशोब कागदावर मांडा. फी दिसते, पण बुडणारा दोन वर्षांचा पगार दिसत नाही. शिष्यवृत्तीवर विसंबून असाल तर थांबून चौकशी करा. एक व्यावसायिक शिक्षण पूर्ण करून दुसऱ्या व्यावसायिक शिक्षणाकडे वळलेल्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळेलच असं नाही. नर्सिंगच्या वेळी मिळाली होती म्हणून आताही मिळेल असं धरून चालाल, तर पहिल्याच सत्रात अडचणीत याल.

'पण फार्मसीत सरकारी नोकरी लागली तर?' हे विचारणारे बाबा नेहमी असतात. लागली तरी पगार सरकारी नर्सपेक्षा कमी असेल, हे ऐकून ते चमकतात. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगार ४४,९०० पासून सुरू होतो, फार्मासिस्टचा २९,२०० पासून. परदेशाचंही तसंच. नर्सिंगची वाट तिकडे रुळलेली आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा जो करार केला, त्यातही नर्सिंग आहे. उलट अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायला निदान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, आपली चार वर्षांची बी.फार्म. तिथे पुरत नाही. पैसा किंवा परदेश यासाठीच जर हा बदल असेल, तर मी स्पष्ट सांगते, नर्सिंगमध्येच राहा.

आणि बसून करायची नोकरी म्हणून फार्मसी घेत असाल तर एका मेडिकलमध्ये संध्याकाळी सात ते दहा उभे राहा. तिथे खुर्ची शोभेला असते. हॉस्पिटलच्या फार्मसीला रात्रपाळी असते. उधारी, परत केलेल्या स्ट्रिप्स, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणारा गल्लीतला दादा, हे सगळं रोजचं. शेड्यूल एच-वनच्या औषधांची वेगळी नोंदवही ठेवायची, ती तीन वर्षं जपायची. अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक आला की उत्तर नोंदणी असलेल्या माणसालाच द्यावं लागतं.

यावरूनच एक गोष्ट सांगते, जी पालक दबक्या आवाजात बोलतात. 'डी.फार्म. झालं की सर्टिफिकेट एखाद्या मेडिकलला लावायचं, घरबसल्या महिन्याला काही येत राहील. लग्न झालं तरी चालू.' कृपा करून हा विचार तिच्या कानावरही घालू नका. फार्मासिस्ट हजर नसताना त्याच्या नावावर औषधं विकणं बेकायदा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या काउंटरवर चुकीचं औषध दिलं गेलं आणि कुणाचं बरंवाईट झालं, तर भिंतीवर फ्रेममध्ये तिचं नाव असतं. जी मुलगी वॉर्डात प्रत्येक इंजेक्शनआधी रुग्णाचं नाव विचारत आली, तिला तुम्ही न पाहिलेल्या औषधांची जबाबदारी घ्यायला सांगताय.

लग्नाचं बोलायचं टाळत नाही. 'शिक्षण पुन्हा सुरू केलं तर वय वाढेल' ही भीती खरी आहे हे मला कळतं. काही घरांत नर्सपेक्षा फार्मासिस्ट मुलगी सांगायला बरी वाटते, हेही मी ऐकलंय, आणि ते ऐकताना मला राग येतो. करोनाच्या काळात रात्री-अपरात्री रुग्णाजवळ कोण होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. स्थळासाठी तिने पेशा बदलावा असं मनात असेल तर तो विषय तिथेच सोडा. ज्या घराला नर्स सून चालत नाही, त्या घराला रात्रपाळीची फार्मासिस्टही चालणार नाही.

मग ठरवायचं कसं? ठरवायचं तिनेच. तुमच्या हातात एवढं आहे, की तिला घाई करू नका आणि ताणूही नका. तिच्या पुढच्या रजेत ओळखीच्या मेडिकलमध्ये किंवा हॉस्पिटलच्या औषध भांडारात काही दिवस नुसतं मदतीला जाऊ द्या. औषध देणं नाही, ते तिला करता येणार नाही. पण माल लावणं, चिठ्ठ्या वाचणं, येणाऱ्या माणसांना पाहणं. घरी आल्यावर ती दुकानाबद्दल बोलते की औषधांबद्दल, यावरून तुम्हाला बरंच कळेल. औषधांबद्दल बोलत असेल तर कर्ज काढायचं की शेतातलं काही विकायचं, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा, आणि एकदा ठरल्यावर ते पुन्हा पुन्हा तिच्यासमोर काढू नका. तिचा भाऊ इंजिनिअरिंग अर्धवट सोडून दुसरीकडे गेला तेव्हा घरात एवढी चर्चा झाली होती का, हेही आठवून बघा. नर्सिंग शिकलेल्या मुलांच्या आईबाबांनाही हे सगळं तसंच लागू आहे. ब्रदर म्हणून काम करणारा मुलगाही रात्री तेवढाच दमतो आणि त्याला तर दमलोय म्हणायचीही सोय नसते.

जायचं ठरलं तर राजीनामा रागात देऊ देऊ नका. बाँड आहे का, किती बाकी आहे, मूळ कागदपत्रं हॉस्पिटलने ठेवून घेतली आहेत का, हे आधी बघा. नोटिशीचा काळ पूर्ण करून अनुभवाचा दाखला आणि कार्यमुक्तीचं पत्र हातात घेऊनच तिने बाहेर पडावं. आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची तिची नोंदणी चालू ठेवा. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, फार्मसी शिकत असतानाही ते चुकवू नका. फार्मासिस्ट झाल्यावर दोन्ही नोंदण्या असलेली मुलगी एखाद्या हॉस्पिटलला हवी असेल, किंवा दुसऱ्या वर्षी तिला वाटेल की आपली जागा वॉर्डातच होती. दोन्ही वेळी तो कागद तिच्या कामी येईल.